कास्टिंगचा मेसेज कसा वाचावा: मॉडेलिंग आणि अभिनयाच्या व्यवसायातील नित्याचे शब्द

अंधेरीतील एका कास्टिंगच्या कार्यालयात मी काही वर्षे सहायक म्हणून काम केले. त्या काळात नाशिक, सांगली, लातूर, अमरावती अशा ठिकाणांहून आलेल्या शेकडो मुलामुलींच्या ऑडिशन मी घेतल्या. त्यांच्यापैकी पुष्कळांना एकांकिका स्पर्धांचा चांगला अनुभव होता, त्यांची वाणी स्वच्छ होती आणि मेहनतीची तयारीही होती. तरीही पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यांचे पैसे बुडत, तारखा अडकत आणि आपण कशावर सही केली हे त्यांना फार उशिरा कळे. त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असे. समोरचा माणूस जे शब्द सहज बोलून जातो, त्यांचा व्यवहारातला अर्थ विचारण्याचा त्यांना संकोच वाटे. या व्यवसायातील जवळजवळ प्रत्येक शब्दामागे आपला पैसा, आपला वेळ किंवा आपल्या चेहऱ्यावरचा आपला हक्क यांपैकी काहीतरी असते. म्हणून पुढे केवळ शब्दांचे अर्थ दिलेले नाहीत, तर तो शब्द ऐकल्यावर कोणता प्रश्न विचारावा हेही जागोजागी सांगितले आहे.

सुरुवात एका मेसेजपासून करू. व्हॉट्सअ‍ॅपच्या कास्टिंग ग्रुपवर रोज या धाटणीचे मेसेज येतात:

«डीव्हीसीसाठी मुलगी हवी, वय २२ ते २८, महाराष्ट्रीय लूक, मराठी उत्तम. शूट १ दिवस, १४ किंवा १५ तारीख. बजेट २५ हजार ऑल इन. युसेज १ वर्ष, डिजिटल. पेमेंट ६० दिवस. कॉन्फ्लिक्ट: हेअर ऑइल. इंट्रो, प्रोफाईल्स आणि अव्हेलेबिलिटी पाठवा. फक्त फिट असणाऱ्यांनीच संपर्क करावा.»

सहा-सात ओळींच्या या मजकुरात संपूर्ण करार दडलेला आहे. तो उलगडत गेलो की व्यवसायातील निम्मे शब्द ओळखीचे होतात.

काम कोणते आणि भूमिका कोणती

टीव्हीसी म्हणजे दूरचित्रवाणीवर दाखवण्यासाठी केलेली जाहिरात आणि डीव्हीसी म्हणजे यूट्यूब, इन्स्टाग्राम यांसारख्या डिजिटल माध्यमांसाठी केलेली जाहिरात. कॅमेऱ्यासमोरचे काम दोन्हींत सारखेच असते, मात्र मानधनात मोठा फरक पडतो. म्हणून डीव्हीसी म्हणून घेतलेली जाहिरात पुढे टीव्हीवर लावली गेली तर त्याचे वेगळे पैसे मिळणार का, हे आधीच विचारावे. प्रिंट शूट म्हणजे छायाचित्रांचे काम. कॅटलॉग किंवा ई-कॉमर्स शूट हा त्याचाच एक प्रकार असून त्यात दिवसभरात कित्येक कपडे बदलून ठरावीक कोनांतून छायाचित्रे दिली जातात. त्याचा दर दिवसावर किंवा कपड्यांच्या संख्येवर ठरतो. दिवसाचा दर ठरला असेल तर त्या दिवसात किती कपडे घालून दाखवायचे याची मर्यादाही ठरवून घ्यावी.

भूमिकांच्या नावांनाही ठरलेले अर्थ आहेत. जाहिरातीत लीड म्हणजे मुख्य चेहरा. फीचर्ड म्हणजे संवाद नसले तरी चौकटीत स्पष्ट ओळखू येणारा चेहरा. बॅकग्राऊंड किंवा ज्युनिअर आर्टिस्ट म्हणजे गर्दीत, बाजारात किंवा लग्नाच्या मांडवात दिसणारी माणसे. मालिकांमध्ये पॅरलल लीड म्हणजे नायक-नायिकेच्या बरोबरीने चालणारी दुसरी जोडी, कॅमिओ म्हणजे मोजक्या दिवसांची पाहुणी भूमिका आणि ट्रॅक म्हणजे कथेतील एक उपकथानक. «तुमचा ट्रॅक तीन महिन्यांचा आहे» असे सांगितले जाते तेव्हा त्याचा अर्थ तीन महिन्यांचे रोजचे काम असा होत नाही, हे लक्षात ठेवावे. त्या तीन महिन्यांत महिन्याला किमान किती दिवस काम मिळेल हा खरा प्रश्न आहे, कारण मालिकेचे मानधन बहुतेक वेळा चित्रीकरणाच्या दिवसांवर मोजले जाते.

ब्रीफ म्हणजे जाहिरात संस्थेने किंवा दिग्दर्शकाने कास्टिंगवाल्यांना दिलेले पात्राचे वर्णन. वरच्या मेसेजमधील «महाराष्ट्रीय लूक» हे शब्द त्या ब्रीफमधूनच आलेले असतात. त्याबरोबर अनेकदा एखाद्या परिचित चेहऱ्याचे छायाचित्र येते, त्याला रेफरन्स म्हणतात. रेफरन्स पाठवला म्हणजे हुबेहूब तसाच चेहरा हवा असतो असे नव्हे. त्यातील वय, ठेवण किंवा स्वभाव घ्यायचा असतो. तेव्हा ब्रीफ मागून घेण्यात काहीही गैर नाही. ज्याने ब्रीफ नीट वाचले आहे तो साडी नेसून यायचे की ऑफिसचे कपडे घालून यायचे हे स्वतः ठरवू शकतो.

इंट्रो, प्रोफाईल आणि ऑडिशनची खोली

वर्सोव्यातील आराम नगर ही बैठ्या घरांची वसाहत मुंबईतील कास्टिंगचे एक मोठे केंद्र आहे. तिथल्या गल्ल्यांतून फिरताना दारापाशी उभा असलेला सहायक आलेल्या प्रत्येकाकडे क्षणभर पाहतो आणि «फिट» किंवा «नॉट फिट» एवढेच सांगतो. हा शब्द अनेक नवोदितांच्या जिव्हारी लागतो. म्हणून हे मनापासून सांगावेसे वाटते की फिट म्हणजे त्या दिवशीच्या त्या ब्रीफमध्ये बसणारा, याहून अधिक अर्थ त्या शब्दाला नाही. चाळिशीतल्या वडिलांच्या भूमिकेसाठी पंचविशीतला उत्तम नटही नॉट फिटच असतो. मी स्वतः दारात उभे राहून ज्यांना परत पाठवले, त्यांपैकी काहींना पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कामासाठी फोन करून बोलावले होते.

आत गेल्यावर जमिनीवर चिकटपट्टीची एक खूण असते. तिला मार्क म्हणतात आणि कॅमेरा व दिवे त्या जागेसाठी लावलेले असतात. मार्कवर उभे राहिल्यावर इंट्रो द्यायला सांगतात. इंट्रोमध्ये नाव, वय, उंची, राहण्याचे ठिकाण, येणाऱ्या भाषा आणि आधीचे काम एवढे सांगितले की पुरते. स्वतःची स्वप्ने किंवा कौटुंबिक संघर्ष तिथे सांगू नयेत, कारण तो व्हिडिओ पाहणाऱ्यासमोर अशी पन्नास-साठ माणसे असतात आणि त्याला आपला आवाज व चेहऱ्याची हालचाल तेवढी पाहायची असते. त्यानंतर «प्रोफाईल द्या» असे सांगितले जाते. म्हणजे आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळून चेहऱ्याच्या दोन्ही कडा दाखवायच्या. जाहिरातीच्या ऑडिशनमध्ये पुष्कळदा हातही दाखवायला सांगतात, आधी तळवे आणि मग मागची बाजू, कारण वस्तू हातात धरल्याचे दृश्य जवळून घ्यायचे असते. नखे स्वच्छ कापलेली असावीत ही सूचना क्षुल्लक वाटते खरी, पण केवळ नखांवरून एका चांगल्या मुलाऐवजी दुसऱ्याची निवड झालेली मी पाहिली आहे.

प्रोफाईल या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे. «तुमचे प्रोफाईल पाठवा» असे फोनवर म्हटले तर त्याचा अर्थ छायाचित्रे, मापे आणि कामाचा तपशील असलेली फाईल पाठवा असा असतो. संदर्भ पाहून अर्थ घ्यावा.

कोल्ड रीडिंग म्हणजे हातात नुकताच पडलेला संवाद फारशा तयारीशिवाय वाचणे. क्यू देणे म्हणजे समोरच्या पात्राची वाक्ये बोलून नटाला त्याच्या वाक्यासाठी जागा करून देणे. ऑडिशनमध्ये क्यू देणारा सहायक बहुधा सपाट आवाजात वाचतो. तो आपल्याला सूर देईल या आशेवर न राहता भावना आपणच धरून ठेवावी.

आता बरीचशी पहिली फेरी सेल्फ टेपवर होते, म्हणजे घरी चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशनवर. तिची पद्धत सोपी आहे. वेगळी सूचना नसेल तर फोन आडवा धरावा, पाठीमागे साधी भिंत असावी, उजेड समोरून यावा आणि चौकट छातीपासून वर असावी. क्यू देणाऱ्याने कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसावे आणि आपल्यापेक्षा हळू आवाजात बोलावे, नाहीतर फोनजवळचा त्याचाच आवाज मोठा ऐकू येतो. फाईलला नाव, वय, उंची आणि भूमिका असे नाव द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ तसाच पाठवला की त्याचा दर्जा घसरतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राईव्हच्या लिंकने पाठवावा, आणि लिंक उघडण्याची परवानगी दिली आहे ना हे दुसऱ्या फोनवरून तपासून पाहावे. परवानगी नसलेली लिंक पुन्हा मागून घेण्याइतका वेळ कोणाकडेही नसतो.

छायाचित्रांचे शब्द: पोर्टफोलिओ, कॉम्प कार्ड, डिजिटल्स

पोर्टफोलिओ म्हणजे निवडक छायाचित्रांचा संच. कॉम्प कार्ड म्हणजे त्याचे एका पानावरचे रूप: पुढच्या बाजूस एक मोठे छायाचित्र आणि नाव, मागच्या बाजूस तीन-चार वेगवेगळी छायाचित्रे आणि उंची, शरीराची मापे, बुटाचा क्रमांक, केसांचा व डोळ्यांचा रंग. डिजिटल्स म्हणजे मेकअपशिवाय, नैसर्गिक उजेडात, साध्या भिंतीसमोर, अंगाबरोबरच्या साध्या कपड्यांत काढलेली छायाचित्रे. पूर्वी ती झटपट छायाचित्र देणाऱ्या कॅमेऱ्यावर काढली जात, म्हणून जुनी मंडळी त्यांना अजूनही पोलरॉइड म्हणतात. मॉडेलिंग एजन्सी महागड्या पोर्टफोलिओपेक्षा आधी डिजिटल्स मागते, कारण तिला आजचा खरा चेहरा, त्वचा आणि बांधा पाहायचा असतो.

नवोदितांची सर्वांत मोठी आर्थिक चूक इथेच होते. गावाकडून येणारी मुले घरच्यांकडून पैसे घेऊन हजारो रुपयांचा पोर्टफोलिओ करतात आणि त्यात स्वतःसारखी दिसतच नाहीत. डिजिटल्स घरच्या गच्चीवर सकाळच्या उजेडात, भावाच्या फोनवरही चांगली निघतात. पुढच्या पायरीसाठी टीएफपी ही व्यवस्था असते. तीत छायाचित्रकार, मेकअप करणारा आणि मॉडेल कोणीही कोणाला पैसे देत नाही, सर्वांना छायाचित्रे मिळतात आणि सर्वांचा संग्रह वाढतो. मात्र ती छायाचित्रे छायाचित्रकार कुठे वापरणार, कोणाला विकणार का, हे टीएफपीतही मेसेजवर का होईना लिहून घ्यावे. विनामोबदला काढलेले छायाचित्र पुढे एखाद्या दुकानाच्या फलकावर झळकले तर तेव्हा हाताशी काहीच राहत नाही.

रॅम्पच्या कामात मापांना अधिक महत्त्व असते. गो-सी म्हणजे डिझायनरला किंवा एजन्सीला प्रत्यक्ष भेटून चालून दाखवणे, फिटिंग म्हणजे प्रदर्शनाच्या आधी कपडे अंगावर बसवणे, आणि लाईनअप म्हणजे कोणी कोणत्या क्रमाने चालायचे याची यादी. शोस्टॉपर हा शेवटी येणारा मुख्य चेहरा असतो आणि पुष्कळदा तो एखादा सिनेनट किंवा खेळाडू असतो. फिटिंगसाठी दिलेला दिवस मानधनात धरला आहे की नाही, हे विचारून ठेवावे.

अव्हेलेबिलिटी, होल्ड आणि लॉक

वरच्या मेसेजमधील «अव्हेलेबिलिटी पाठवा» याचा अर्थ त्या तारखा मोकळ्या आहेत का एवढेच कळवा. त्याने आपण बांधले जात नाही आणि समोरचाही बांधला जात नाही. त्यानंतर शॉर्टलिस्ट होते. शॉर्टलिस्ट झाल्यावर फोन येतो की «तारखा ब्लॉक करा» किंवा «होल्डवर राहा». इथे घोटाळा सुरू होतो, कारण नवख्या कलाकाराला वाटते की काम मिळाले. होल्ड म्हणजे त्या तारखांना दुसरे काम घेण्याआधी आम्हाला विचारा अशी विनंती. त्या भूमिकेसाठी आणखी दोघे-तिघे होल्डवर असतात. लॉक म्हणजे निवड पक्की झाली. आणि बॅकअप म्हणजे लॉक झालेला कलाकार काही कारणाने आला नाही तर आपण.

यानंतरची पायरी लूक टेस्टची असते. पात्राचे कपडे, केस, मेकअप करून छायाचित्रे किंवा छोटे दृश्य घेतले जाते. मालिकांमध्ये त्याला मॉक शूट म्हणतात. त्यात समोरच्या नटाबरोबर प्रत्यक्ष प्रसंग करून घेतात आणि तो वाहिनीकडे मान्यतेसाठी जातो. मॉक शूट चांगले झाले, निर्मात्याने कौतुक केले, तरी वाहिनीची मान्यता येईपर्यंत काम मिळालेले नसते. माझ्या परिचयातील एका मुलीने मॉक शूटनंतर पुण्यातील नोकरीचा राजीनामा दिला आणि आठ दिवसांनी भूमिकेचे वयच बदलले. तिची चूक एवढीच की «जवळजवळ फायनल» या शब्दांना तिने लॉक समजले.

यावर उपाय म्हणजे होल्डला मुदत मागणे. «आपण मला होल्डवर ठेवले आहे हे कळले. १२ तारखेला संध्याकाळपर्यंत कळवावे, कारण त्याच तारखांना दुसरी विचारणा आहे» असा नम्र मेसेज पाठवला तर कोणीही रागावत नाही, उलट कलाकाराला व्यवहार कळतो हे समोरच्याला समजते. लॉक झाल्यावर तारीख, मानधन, युसेज आणि रद्द झाल्यास काय, या चार गोष्टी ईमेलवर किंवा मेसेजवर लिहून मागाव्यात. शूट आदल्या दिवशी रद्द झाले तर ठरलेल्या रकमेचा काही भाग मिळावा, याला कॅन्सलेशन फी म्हणतात. आधी लिहून घेतली नसेल तर ती कोणी देत नाही.

बजेट, ऑल इन आणि हाती येणारा पैसा

ऑल इन हा दिसायला साधा, पण कलाकाराच्या खिशाला चाट लावणारा शब्द आहे. २५ हजार ऑल इन याचा अर्थ त्या रकमेत कमिशन, प्रवास, फिटिंगचा दिवस, बहुधा सगळे आले. कोऑर्डिनेटर म्हणजे काम आणून देणारा मध्यस्थ. त्याचे कमिशन २० टक्के ठरले असेल तर ५,००० रुपये त्याचे. उरलेल्या २०,००० वर १० टक्के टीडीएस कापला तर आणखी २,००० कमी होऊन हाती १८,००० येतात. नाशिकहून येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च त्यातूनच करायचा. म्हणून मानधन ठरवताना «हे कमिशन धरून की सोडून, आणि टीडीएसच्या आधीचे की नंतरचे» असे स्पष्ट विचारावे. «इन हँड किती» हा रूढ प्रश्न आहे आणि तो विचारण्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

टीडीएस हा आपल्या नावावर आधीच भरलेला कर असतो, तो बुडालेला पैसा नव्हे. तो भरला गेला का, हे आयकराच्या संकेतस्थळावर फॉर्म २६एएसमध्ये दिसते आणि वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो. किती तरी कलाकार विवरणपत्रच भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात. सेवांपासून होणारी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. त्याआधी साधे बिल पुरते, पण बिल मात्र द्यावेच. बिलावर तारीख, कामाचे नाव, चित्रीकरणाचा दिवस, रक्कम, पॅन आणि बँकेचा तपशील असावा.

पेमेंट ६० दिवस म्हणजे बिल दिल्यापासून की चित्रीकरणापासून, हे विचारून घ्यावे. दोन्हींत महिनाभराचा फरक पडू शकतो. मालिकांमध्ये ९० दिवसांची पद्धत रूढ आहे, म्हणजे जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे एप्रिलच्या सुमारास. मुंबईत राहायला येणाऱ्याने पहिल्या तीन-चार महिन्यांच्या भाड्याची सोय आधीच केलेली असावी, असे मी जे सर्वांना सांगत असे ते याच शब्दामुळे. कन्व्हेयन्स म्हणजे प्रवासभत्ता. तो मानधनाव्यतिरिक्त मिळणार असेल तर रक्कम विचारून घ्यावी.

मध्यस्थांतही प्रकार आहेत. कास्टिंग डायरेक्टर हा निर्मात्याकडून नेमलेला आणि निर्मात्याकडून पैसे घेणारा माणूस असतो. त्याला कलाकाराने काहीही देणे लागत नाही. एजन्सी किंवा टॅलेंट मॅनेजर कलाकाराच्या बाजूने बोलणी करतो आणि मिळालेल्या कामातून कमिशन घेतो. मदर एजन्सी म्हणजे मॉडेलला प्रथम घडवणारी आणि पुढे इतर शहरांतील किंवा देशांतील एजन्सींकडे पाठवणारी संस्था. एक्स्क्लुझिव्ह करारात इतर कोणाहीमार्फत काम घेता येत नाही आणि अनेकदा स्वतः मिळवलेल्या कामावरही कमिशन द्यावे लागते. नॉन-एक्स्क्लुझिव्ह करारात ती बंधने नसतात. नव्या माणसाने तीन-पाच वर्षांचा एक्स्क्लुझिव्ह करार करण्यापूर्वी, एजन्सीने सहा महिन्यांत काहीच काम दिले नाही तर बाहेर पडता येईल असे कलम मागावे.

युसेज, बायआऊट आणि कॉन्फ्लिक्ट

माझ्या मते मेसेजमधील सर्वांत मोलाचा शब्द युसेज हाच आहे, आणि नेमका तोच नवोदित वाचत नाहीत. चित्रीकरणाच्या दिवसाचे पैसे हा मानधनाचा एक भाग आहे. आपला चेहरा किती काळ, कुठे आणि कोणत्या माध्यमांत दाखवला जाईल याचे पैसे हा दुसरा भाग आहे. या दुसऱ्या भागाला युसेज म्हणतात आणि सगळे एकरकमी देऊन टाकले तर त्याला बायआऊट म्हणतात. युसेजला तीन बाजू असतात. पहिली मुदत: एक वर्ष, दोन वर्षे की कायमस्वरूपी. दुसरी टेरिटरी: केवळ महाराष्ट्र, भारत की जगभर. तिसरी माध्यम: डिजिटल, टीव्ही, छापील, रस्त्यावरचे फलक, चित्रपटगृह. «ऑल मीडिया» म्हटले की ही सर्व माध्यमे आली आणि करारात «इन पर्पेच्युइटी» हे शब्द आले की कायमचे आले. मुदत संपल्यावर जाहिरात चालू ठेवायची असेल तर नव्याने दिलेल्या रकमेला रिन्युअल म्हणतात. कायमचे हक्क दिले की रिन्युअल उरतच नाही.

एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. सांगलीकडच्या एका तरुणाने एका छोट्या कंपनीच्या जाहिरातीसाठी ८,००० रुपयांत काम केले. तीन पानी कागदावर चित्रीकरणाच्या दिवशी, मेकअप चालू असताना, सही घेतली गेली. दोन वर्षांनी त्याला एका मोठ्या कामासाठी विचारणा झाली तेव्हा त्याच प्रकारच्या वस्तूची जुनी जाहिरात अजून चालू असल्याचे ते काम देणाऱ्या कंपनीला दिसले आणि काम हातचे गेले. त्याने कागद काढून दाखवला, तर त्यावर मुदतीच्या जागी कायमस्वरूपी असेच लिहिले होते. कागद एक दिवस आधी मागावा, चित्रीकरणस्थळी मेकअपच्या खुर्चीत सही करू नये, हा नियम मी त्या दिवसापासून प्रत्येकाला सांगत आलो.

त्याचे काम ज्यामुळे गेले तो शब्द कॉन्फ्लिक्ट. मेसेजमध्ये «कॉन्फ्लिक्ट: हेअर ऑइल» लिहिले आहे, म्हणजे सध्या दुसऱ्या केशतेलाच्या जाहिरातीत दिसणाऱ्यांनी येऊ नये. याचीच दुसरी बाजू म्हणजे एक्स्क्लुझिव्हिटी: हे काम घेतल्यावर ठरावीक काळ आपणही दुसऱ्या केशतेलाचे काम घेऊ शकणार नाही. हा प्रकार किती व्यापक आहे ते विचारावे. केवळ केशतेल, की शाम्पू, केसांचा रंग, साबण हे सारेच? आणि मुदत कधीपासून मोजायची? जून महिन्यात चित्रित झालेली जाहिरात दिवाळीत प्रथम दाखवली गेली आणि वर्ष पहिल्या प्रसारणापासून मोजले, तर कलाकार प्रत्यक्षात सोळा-सतरा महिने अडकतो. ऑडिशनमध्ये कॉन्फ्लिक्ट कधीही लपवू नये. पुढे उघड झाले तर चित्रीकरणाचा खर्च मागितला जाऊ शकतो.

एडिट्स किंवा कटडाऊन म्हणजे मूळ जाहिरातीच्या छोट्या आवृत्त्या. त्या बहुधा मूळ मानधनातच धरतात. स्टिल्स, म्हणजे चित्रीकरणाच्या दिवशीच काढलेली छायाचित्रे, फलकांवर व छापील जाहिरातीत वापरायची असतील तर मात्र वेगळे मानधन मागावे. अलीकडे करारात चेहऱ्याचे व आवाजाचे डिजिटल रूप तयार करण्याची, म्हणजे एआयने नवी दृश्ये बनवण्याची, परवानगी मागणारी कलमे येऊ लागली आहेत. असे वाक्य दिसले तर ते काढून टाकायला सांगावे, किंवा त्याची मुदत व रक्कम स्वतंत्र लिहून घ्यावी.

चित्रीकरणाच्या दिवशीचे शब्द

कॉल शीट म्हणजे दुसऱ्या दिवशीचे वेळापत्रक आणि कॉल टाईम म्हणजे आपण स्थळी पोचण्याची वेळ. मालिकांची शिफ्ट बहुधा १२ तासांची असते. त्यापुढे थांबवले तर ओव्हरटाईम मिळणार का, हे आधी ठरवावे. घोडबंदर रोड, मढ, गोरेगावची फिल्मसिटी अशी ठिकाणे स्थानकापासून दूर आहेत, म्हणून रात्री उशिरा पॅकअप झाल्यास घरी सोडण्याची सोय आहे का, हे विशेषतः मुलींनी निःसंकोच विचारावे. ब्लॉकिंग म्हणजे कोणी कुठून कुठे जायचे याची आखणी. कंटिन्युइटी म्हणजे आधीच्या तुकड्यात चहाचा कप उजव्या हातात होता तर पुढच्या तुकड्यातही तो उजव्याच हातात असणे. कंटिन्युइटी सांभाळणारा कलाकार दिग्दर्शकाचा बराच वेळ वाचवतो.

मुलांचे काम

बालकलाकारांच्या पालकांनी काही गोष्टी विसरू नयेत. बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी मुलांच्या कामाच्या अटी ठरवल्या. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाच्या उत्पन्नातील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. «सगळे असेच करतात» असे उत्तर मिळाले तरी पालकांनी परवानगीची प्रत मागावी आणि ठेवीची पावती घ्यावी.

इन्फ्लुएन्सरचे शब्द

ज्यांचे सोशल मीडियावर प्रेक्षक आहेत त्यांना आता त्या मार्गानेही काम येते. डिलिव्हरेबल्स म्हणजे किती रील, किती स्टोरी, किती दिवस ठेवायच्या याची यादी. बार्टर म्हणजे पैशांऐवजी वस्तू. व्हाइटलिस्टिंग म्हणजे आपली पोस्ट कंपनीने आपल्याच नावाने पैसे देऊन पसरवणे. हाही युसेजच आहे, त्यामुळे त्याची मुदत ठरवावी. पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली पोस्ट जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेने, म्हणजे एएससीआयने, २०२१ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत उत्पादनाची भलामण करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे गोरे करणाऱ्या क्रीमचा किंवा वजन घटवणाऱ्या गोळीचा दावा स्वतःच्या तोंडून करण्यापूर्वी त्याचा पुरावा मागावा.

जे शब्द ऐकताच उठून यावे

रजिस्ट्रेशन फी, आर्टिस्ट कार्ड, ग्रूमिंग डिपॉझिट, कॉस्च्युम चार्ज: ऑडिशनसाठी किंवा निवड झाल्याबद्दल यांपैकी कोणत्याही नावाने पैसे मागितले तर काम नाही असे समजावे. संघटनेचे सदस्यत्व ही वेगळी गोष्ट आहे. चित्रपट व दूरचित्रवाणी कलाकारांची सिन्टा ही संघटना मुंबईत आहे आणि तिचे सदस्यत्व थेट तिच्या कार्यालयातूनच घ्यावे, गल्लीतल्या माणसाकडून कार्ड विकत घेऊ नये.

«कॉम्प्रोमाईज», «अ‍ॅडजस्टमेंट», «को-ऑपरेटिव्ह आहात ना» हे शब्द या व्यवसायात शारीरिक मागणीसाठी वापरले जातात. मुलींनाच नव्हे, मुलांनाही असे विचारले जाते. अर्थ कळला नाही म्हणून कोणी «हो, मी को-ऑपरेटिव्ह आहे» असे भाबडेपणाने म्हटले तर समोरचा त्याचा सोयीस्कर अर्थ काढतो, म्हणून हे शब्द आधीच माहीत असायला हवेत. उत्तर एका वाक्यात द्यावे: «मी फक्त भूमिकेसाठी काम करते, दुसऱ्या कोणत्याही अटीवर नाही.» मेसेज जपून ठेवावेत, कोणत्याही ऑडिशनला हॉटेलच्या खोलीत किंवा रात्री एकट्याने जाऊ नये, आणि पत्ता घरच्या कोणाला तरी कळवून निघावे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा चित्रीकरणस्थळालाही लागू होतो. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असावीच लागते, तेव्हा ती कोठे आहे हे विचारण्याचा हक्क पहिल्याच दिवशी कामावर आलेल्या मुलीलाही आहे.

आता वरच्या मेसेजला उत्तर लिहायला हरकत नाही. ते साधारण असे असावे:

«नमस्कार. इंट्रो आणि प्रोफाईल्सची लिंक सोबत आहे. १४ आणि १५ दोन्ही तारखा मोकळ्या आहेत. केशतेलाचे कोणतेही काम सध्या चालू नाही. कृपया एवढे कळवावे: २५ हजार कमिशन धरून की सोडून, युसेजचे वर्ष पहिल्या प्रसारणापासून की चित्रीकरणापासून, स्टिल्स वापरणार का, आणि ६० दिवस बिलाच्या तारखेपासून का. होल्डवर ठेवल्यास १२ तारखेपर्यंत निर्णय कळवावा. करार एक दिवस आधी ईमेलवर मिळाल्यास वाचून सही करून आणेन.»